साठ हजार, रोजचा दीड तास आणि एक वेबसाइट

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारे गृहस्थ कळव्याला राहतात. महापे एमआयडीसीत एसी दुरुस्तीच्या एका कंपनीत सर्व्हिस कोऑर्डिनेटर आहेत. बाजूला टाकलेले साठ हजार रुपये आहेत आणि नोकरी सांभाळून रोज दीड तास काढता येतो. वेबसाइट काढून वर्षभरात महिन्याला पंधरा हजार सुटू लागावेत एवढीच अपेक्षा आहे. डोक्यात तीन विषय आहेत: मोबाइलचे मराठीत रिव्ह्यू, मराठी रेसिपी, नाहीतर पत्नी घरी भाजणी आणि मेतकूट करते ते ऑनलाइन विकणं. एका कंपनीनं '४५ हजारांत वेबसाइट, ॲडसेन्स अप्रूव्हलसकट' असं कोटेशन दिलंय (ॲडसेन्स म्हणजे साइटवर गूगलच्या जाहिराती लावून पैसे मिळवण्याची सोय) आणि आठवड्याभरात ॲडव्हान्स मागितलाय. "सुरुवात कुठून करू? डोमेन आधी अडवून ठेवू का?" असं विचारून शेवटी जाता जाता लिहिलंय, "चार वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे, त्यामुळे लिहिण्याची थोडीफार सवय आहे."

डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, आज घेऊ नका. ॲडव्हान्स तर मुळीच देऊ नका. शेवटच्या त्या वाक्याकडे मी नंतर येतो, कारण तुमच्या अख्ख्या पत्रात मला कामाचं तेच वाटलं.

नौपाड्यात बसून २००७ पासून मी लोकांच्या वेबसाइट करतोय. त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या, आणि पहिली मोठी बंद पडलेली माझी स्वतःचीच होती. २०१२ साली मी 'आज ठाण्यात काय' अशा धर्तीवर एक साइट काढली. गडकरी रंगायतनला कोणता प्रयोग, कुठे प्रदर्शन, कोणत्या हॉलमध्ये साड्यांचा सेल. लोक यायचे, रोज शेकड्यानं यायचे. मी खूश. मग जाहिराती मागायला गोखले रोड आणि राम मारुती रोडवर दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं मला चहा पाजला आणि विचारलं, "अहो, तुमच्याकडे येतो तो माणूस प्रयोगाची वेळ बघायला येतो. त्याला माझ्याकडचा कुर्ता कशाला हवाय?" उत्तर नव्हतं. चौदा महिन्यांनी साइट बंद केली. गर्दी होती, पण त्या गर्दीत खिशात हात घालायला निघालेलं कोणीच नव्हतं.

तेव्हापासून कोणी योजना घेऊन आलं की मी संगणक उघडत नाही. कागदावर एक ओळ लिहायला सांगतो: महिन्याचे पंधरा हजार कोण देणार, कशाबद्दल देणार आणि त्यासाठी हात कोणाचे चालणार? ही ओळ भरली की डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), थीम (तिचा तयार साचा) ही आठवड्याभराची कामं आहेत. ती भरत नसेल तर कितीही सुंदर वेबसाइट काढा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

तुमच्या तिन्ही विषयांवर ही ओळ लावून बघू.

मोबाइल रिव्ह्यू. इथे पैसे देणार शॉपिंगची साइट, तुमच्या लिंकवरून कोणी फोन घेतला तर कमिशन म्हणून. मोबाइल हा सगळ्यात कमी कमिशन मिळणाऱ्या मालांपैकी. समजा एक टक्का धरला, तर वीस हजारांच्या फोनमागे दोनशे रुपये. पंधरा हजारांसाठी दर महिन्याला ७५ जणांनी तुमच्याच लिंकवरून फोन घ्यायला हवा. ॲमेझॉनच्या या कमिशनच्या योजनेत नाव घातल्यापासून १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातंच बंद होतं, म्हणजे सुरुवातीचा काळ आरामाचा नाही. शिवाय फोन हातात घेतल्याशिवाय रिव्ह्यू लिहिणार कसा? समोर ज्यांच्याशी स्पर्धा आहे त्यांच्याकडे नवा फोन बाजारात यायच्या आधी कंपनी पाठवते. हा विषय सोडा.

रेसिपी. इथे पैसे देणार गूगल, जाहिरातींचे. दर हजार पानांमागे किती मिळतात ते विषयावर, वाचक कुठला आहे त्यावर आणि हंगामावर ठरतं. हिशेबापुरते साठ रुपये धरू. पंधरा हजारांसाठी महिन्याला अडीच लाख वेळा पानं उघडली गेली पाहिजेत, म्हणजे रोज सव्वाआठ हजारांच्या वर. रोज दीड तासात लिहिणाऱ्या एकट्या माणसाला एका वर्षात हे जमेल असं मी तुमच्या तोंडावर म्हणू शकत नाही. त्यात २०२४ च्या ऑगस्टपासून गूगल भारतात शोधाच्या वरच एआयनं तयार केलेलं उत्तर दाखवू लागलंय. 'साबुदाणा किती वेळ भिजवावा' याचं उत्तर तिथेच मिळालं तर तुमच्या पानापर्यंत कोण येईल? निव्वळ माहिती देणाऱ्या साइटचं दिवसेंदिवस कठीण होत चाललंय. जे पान उघडून काहीतरी हातात घेऊन जावं लागतं, एखादी फाइल, एखादा माल, एखादा हिशेब, त्याला अजून दम आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाजणी. हा तिघांत सगळ्यात खरा धंदा, कारण इथे गिऱ्हाईक थेट पैसे देतं. दीड किलोची सहाशे रुपयांची ऑर्डर धरा. धान्य, डाळी, गॅस आणि गिरणी मिळून २४०, पाकीट आणि खोका ३५, कुरियर ९०. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्याला पोचवणारी कंपनी, साधारण दोन टक्के घेतं आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४ रुपये. हातात उरले २२१. पंधरा हजारांसाठी महिन्याला ६८ ऑर्डर. अडीच लाख पानांच्या तुलनेत ६८ हा आकडा किती माणसातला वाटतो बघा! मीही कागदावर इथवर आलो तेव्हा खूश झालो होतो. मग गुणाकार केला. ६८ गुणिले दीड किलो म्हणजे १०२ किलो. महिन्याला शंभर किलो भाजणी कढईत कोण परतणार?

वहिनींना विचारलंत का? तुमच्या पत्रात 'पत्नी करते' एवढंच आहे, तिला हे वाढवायचंय की नाही त्याबद्दल एक शब्द नाही. रोज दीड तास तुमचा आहे, त्यांचा किती आहे? मी असं एक घर पाहिलंय जिथे दिवाळीच्या तोंडावर नवऱ्यानं उत्साहात ऑनलाइन ऑर्डर घेतल्या आणि बायको लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री दोन वाजता चकलीची भाजणी भाजत होती. पुढच्या वर्षी तिनं साफ नकार दिला आणि मला तो पटला.

वहिनींची इच्छा असेल तर त्या धंद्याला आज वेबसाइटची गरजही नाही. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, यूपीआयचा क्यूआर कोड आणि ओळखीतली पन्नास घरं यावर पहिलं वर्ष निघतं. यूपीआयवर छोट्या विक्रेत्याला २०२० पासून एमडीआर, म्हणजे पैसे स्वीकारण्याचं शुल्क, द्यावं लागत नाही, ते १४ रुपयेही वाचतात. मात्र खाण्याचा पदार्थ विकताय म्हणजे एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवी आणि तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापायला हवा, वजन आणि किंमतही. आणखी एक खाच बहुतेकांना उशिरा कळते: माल महाराष्ट्राबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी आधी करावी लागते. बंगळुरूच्या भाचीला मेतकूट पाठवणं वेगळं आणि बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला विकणं वेगळं.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येऊ. चार वर्षं सेक्रेटरी.

म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेच्या चार नोटिसा तुम्ही काढल्यात. चौदा दिवस आधी काढावी लागते, विषयपत्रिका कशी लिहितात, कोरम पुरला नाही तर अर्ध्या तासानंतरची तहकूब सभा नोटिशीतच कशी नमूद करायची, हे तुम्हाला पाठ असणार. इतिवृत्त लिहिलंय. थकबाकीदाराला पत्र दिलंय. फ्लॅट विकला गेला तेव्हा हस्तांतराची कागदपत्रं तपासली, नॉमिनेशनचे फॉर्म भरून घेतले, आय आणि जे नमुन्याची सभासदांची रजिस्टरं ऑडिटरपुढे ठेवली, आणि गळतीवरून दोन मजल्यांची भांडणं ऐकली. तुम्हाला ही 'लिहिण्याची सवय' वाटते. मला त्यात गिऱ्हाईक दिसतं.

ठाण्यापासून बदलापूरपर्यंत आणि इकडे ऐरोली, घणसोलीपासून पनवेलपर्यंत किती सोसायट्यांचं कामकाज मराठीत चालतं याचा विचार करा. दर काही वर्षांनी कमिटी बदलते. नवा सेक्रेटरी बहुधा दुसरं कोणी उभं राहिलं नाही म्हणून सेक्रेटरी झालेला असतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलं की ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यायची असते. ऑगस्टमध्ये एका रात्री अकरा वाजता तो बिचारा फोनवर 'सोसायटी मीटिंग नोटीस मराठी' असं शोधतो. त्याला ज्ञान नकोय, फाइल हवीय. आज रात्री हवीय. तुमच्या मराठी रेसिपीच्या वाचकात आणि या माणसात हाच फरक.

आणि तो पैसे देईल का? देतोच आहे. हाउसिंग फेडरेशनकडे आणि स्टेशनरीच्या दुकानात सोसायटीची रजिस्टरं आणि छापील फॉर्म विकतच मिळतात. 'हे तर आधीच कोणीतरी विकतंय' म्हणून लोक नाराज होतात, मी उलट बघतो. जिथे कोणीच काही विकत नाही तिथे बहुधा घेणारंच कोणी नसतं.

हिशेब करू. तीस-चाळीस मसुद्यांचा एक संच, वर्डमध्ये, ७९९ रुपयांना. गेटवेचे १९ गेले, ७८० उरले. महिन्याला वीस संच म्हणजे १५,६००. शंभरातला एक जण विकत घेतो असं धरलं तरी महिन्याला दोन हजार माणसं पुरतात, मात्र ती नेमकी याच कामासाठी आलेली हवीत. भाजायचं काही नाही, कुरियर नाही. किंमत १९९ ठेवायचा मोह होईल, तेव्हा हेच गणित परत करा: वीसच्या जागी ७८ संच. हंगामाचाही विचार हवा. जुलै ते सप्टेंबरला झुंबड, एप्रिल-मेमध्ये ऑडिटच्या निमित्तानं थोडं, बाकी महिने सुके. म्हणून महिन्याचं उद्दिष्ट विसरा आणि वर्षाचं धरा. पंधरा हजारांप्रमाणे वर्षाचे एक लाख ऐंशी हजार, म्हणजे साधारण २३१ संच.

यात एक गोष्ट बाहेरच्या वेबसाइटवाल्याला कधीच सुचणार नाही, तुम्हाला मात्र लगेच पटेल. सेक्रेटरी स्वतःच्या खिशातून ७९९ देत नाही, सोसायटीच्या खर्चातून देतो. त्याला व्हाउचरला जोडायला पावती हवी, आणि पावतीवर त्याचं नाही, सोसायटीचं नाव हवं. पैसे भरण्याच्या पानावर 'सोसायटीचं नाव आणि पत्ता' असा रकाना ठेवा आणि पावती आपोआप ईमेलवर जाऊ द्या. या एका रकान्यानं जितकी विक्री वाढेल तितकी माझ्या सगळ्या डिझाइनच्या अकलेनं वाढणार नाही. दुसरं, ती फाइल उघडली जाणार कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात. म्हणून मसुदे युनिकोडमध्येच हवेत, म्हणजे कोणत्याही संगणकावर अक्षरं तशीच दिसतात. जुन्या टायपिस्टकडून श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये करून घेतलेत तर दुसऱ्याच्या संगणकावर सगळी चिन्हं नाचतील आणि गिऱ्हाईक पैसे परत मागेल.

पण हे सगळं अजून माझ्या डोक्यातलं. ते खरं आहे का हे तपासायला साइट लागत नाही, चार रविवार लागतात.

पहिल्या रविवारी तुमच्या दप्तरातले पाच मसुदे नीट करा. सभासदांची नावं, फ्लॅट नंबर, थकबाकीचे आकडे पुसून टाका, ते दुसऱ्याच्या हाती जाता कामा नयेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी खारेगाव, पारसिक नगर, मनीषा नगर इथल्या दहा सेक्रेटरींना भेटा. ओळखीच्यांना सोडून. त्यांना 'असं काही केलं तर आवडेल का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. 'संच तयार करतोय, आज पाचशे भरलेत तर दोन आठवड्यांत पूर्ण फाइल देतो' असं सांगून क्यूआर कोड पुढे करा. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. 'छान आहे हो, कमिटीत घालतो, कळवतो' हे ऐकलंत की वहीत सरळ नकार म्हणून लिहा. दहातल्या तिघांनी पैसे दिले तर पुढे जा. एकानंच दिले तर बाकी नऊ जणांनी काय अडचण सांगितली ते वाचा, बहुधा त्यात दुसरं काहीतरी मागितलेलं असेल. कोणी म्हणेल, "मसुदे नकोत, तुम्हीच येऊन आमचं इतिवृत्त लिहून द्या." तोही धंदाच आहे. कोणीच दिले नाहीत तर मुदतीत संच पूर्ण करायची जबाबदारीही नाही आणि साठ हजार जागच्या जागी आहेत. कोणी दिले आणि तुम्ही थांबायचं ठरवलंत, तर त्यांचे पाचशे त्याच दिवशी परत करा.

चौथ्या रविवारी शब्द गोळा करा. गूगलच्या शोधपट्टीत 'सोसायटी' लिहून थांबा, खाली काय काय सुचवलं जातं ते उतरवून घ्या. मग 'सोसायटी नोटीस', 'सोसायटी मिनिट्स', 'सोसायटी पार्किंग'. हेच इंग्रजी अक्षरांत मराठी लिहूनही करा, कारण अर्धा महाराष्ट्र तसंच टाइप करतो. गूगल ट्रेंड्स फुकट आहे, कोणता शब्द कोणत्या महिन्यात वर चढतो ते तिथे दिसतं. तुम्ही 'इतिवृत्त' लिहाल, लोक 'मिनिट्स' शोधतात. पानावर दोन्ही शब्द हवेत. या यादीतून दहा-बारा पानं निघतात, एका पानात एकाच प्रश्नाचं उत्तर. प्रत्येक पानावर एक मसुदा पूर्ण फुकट द्या, अर्धवट नको. ज्याला त्या मसुद्यानं रात्री अकरा वाजता वाचवलं, तोच पुढच्या खेपेला संच घेतो.

इथवर आलात की मग डोमेन. साधारण हजारभर रुपये वर्षाला. .in किंवा .com घ्या, फोनवर स्पेलिंग न सांगता कळेल असं नाव घ्या. देवनागरीतलं .भारत डोमेन २०१४ पासून मिळतं, मराठी माणूस म्हणून मला त्याचं कौतुक आहे, पण ईमेलला आणि सांगण्या-टाइप करण्याला ते अजून अडतं, हवं तर जोडीला ठेवा. डोमेन तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डानं घ्या. यावर मी हट्टी आहे. माझ्याकडे आलेल्या एका डॉक्टरांचं डोमेन आधीच्या वेबसाइटवाल्यानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. तो फोन उचलेना, मुदत संपली, नाव तिसऱ्यानंच घेतलं. सहा वर्षांची पाटी एका रात्रीत गेली आणि आम्ही काहीच करू शकलो नाही.

होस्टिंगला वर्षाचे चारेक हजार धरा. जाहिरातीतला दर पहिल्या खेपेपुरता असतो, नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरात असतो, तो वाचून मग ठरवा. साइट वर्डप्रेसवर करा. साइट चालवायचं हे सॉफ्टवेअर २००३ पासून चालत आलेलं, फुकट, आणि उद्या माझं नि तुमचं पटलं नाही तरी चालवणारा दुसरा गल्लीत मिळतो. ४५ हजारांची 'कस्टम' वेबसाइट उघडून पाहिली तर आत बहुतेकदा हेच असतं. विकण्यासाठी त्यालाच वूकॉमर्स जोडता येतं. रंग, लोगो, स्लायडर यावर एक संध्याकाळसुद्धा घालवू नका. एकच परीक्षा करा: ठाण्याहून वाशीच्या लोकलमध्ये, गर्दीच्या वेळेला, साध्या अँड्रॉइड फोनवर तुमचं पान उघडा. ऐरोली यायच्या आत उघडून फाइल उतरली तर साइट चांगली.

पेमेंट गेटवे मिळवताना लोक अडकतात. अर्ज केला की ते तुमची साइट उघडून बघतात. संपर्काचं पान, अटी, गोपनीयता आणि पैसे परत देण्याचं धोरण नसेल तर अर्ज परत येतो. ही पानं तशीही लागतातच. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत, त्यानुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी साइटवर दिसला पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. तो अधिकारी तुम्हीच असणार. नाव भारदस्त आहे, काम म्हणजे ईमेल बघत राहणं. डाउनलोड केलेली फाइल परत कशी घेणार, हे आधीच ठरवून साध्या मराठीत लिहून टाका. मी सात दिवसांत विनाप्रश्न पैसे परत देतो, मागणारे फार थोडे असतात.

कागदपत्रांचं बाकी लवकर आटपतं. फाइल विकणं ही सेवा, तिला उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, परराज्यात विकली तरी. छोट्या व्यवसायांची उद्यम नोंदणी सरकारी साइटवर पूर्ण फुकट आहे, तिचे हजार-दोन हजार मागणाऱ्यांपासून दूर राहा. उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचं. आणि तुमचं नियुक्तिपत्र काढून वाचा, नोकरी करताना दुसरा व्यवसाय करायला मनाई आहे का ते आधीच बघा. हे कोणी बघत नाही आणि मग एचआरची मेल आली की झोप उडते.

एक खर्च मात्र हात आखडता न घेता करा. मसुदे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि तुमच्या-आमच्या सोसायट्यांनी स्वीकारलेल्या आदर्श उपविधींना (बाय-लॉजना) धरून आहेत की नाहीत, हे सहकारातल्या जाणकार वकिलाकडून किंवा ऑडिटरकडून तपासून घ्या. साठातले दहा-बारा हजार इथे गेले तरी चालतील. 'हा कायदेशीर सल्ला नाही, वापरण्याआधी आपले उपविधी पाहा' हे प्रत्येक फाइलवर छापा. नियम बदलला की जुन्या गिऱ्हाइकांनाही नवी फाइल पाठवा. चुकीच्या नोटिशीमुळे कोणाची सभा अडचणीत आली तर ती बातमी सेक्रेटरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात फिरते, आणि तुमचं सगळं गिऱ्हाईक त्याच ग्रुपमध्ये बसलेलं आहे.

आता ते कोटेशन. 'ॲडसेन्स अप्रूव्हल' ही विकायची वस्तूच नाही. अर्ज फुकट असतो, मंजुरी गूगल देतं, आणि कोणी तयार खातं विकत दिलं तर ते बंद होऊ शकतं, कारण खातं दुसऱ्याला द्यायला परवानगी नाही. मंजुरी मिळाली तरी १० डॉलर जमल्यावर पत्ता खरा आहे का हे बघायला टपालानं एक पिन येतो. साधं टपाल असतं, सोसायटीच्या खालच्या पेटीत वीजबिलांच्या गठ्ठ्यात हरवतं. माझा दोनदा हरवलाय. आणि १०० डॉलर पूर्ण झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. पण तुमच्या साइटवर जाहिराती नकोत याचं माझं खरं कारण वेगळं आहे. ७९९ द्यायला निघालेल्या माणसाला दोन रुपयांच्या जाहिरातीवर क्लिक करायला लावून तुम्ही स्वतःच दुकानाबाहेर काढणार. त्या कंपनीला एवढंच विचारा की डोमेन कोणाच्या नावावर असेल, दुसऱ्या वर्षी किती द्यायचे आणि साइटचा ॲडमिन पासवर्ड पहिल्या दिवशी मिळेल का. उत्तरं लेखी मागा. मग आठवड्याची घाई आपोआप निवते. तीस हजारांवर उतरले तरी आत्ता नकोच.

शेवटी वेळापत्रक. जून संपत आलाय. या सप्टेंबरच्या हंगामात साइट चालायला लागेल अशी आशा धरू नका, नव्या साइटची पानं गूगलमध्ये वर यायला कित्येक महिने घेतात. या वर्षी हातानं विका, व्हॉट्सॲपवरून, दहा-वीस संच. दिवाळीनंतर साइट उभी करा, पानं लिहा, गूगलचं सर्च कन्सोल जोडा आणि दर रविवारी अर्धा तास फक्त तेच बघा: कोणत्या शब्दानं किती लोकांना तुमचं पान दिसलं आणि किती आत आले. पुढच्या जुलैपर्यंत पानं मुरलेली असतील. दरम्यान येत्या ऑगस्टमध्ये तुमच्या स्वतःच्या सोसायटीची नोटीस तुम्हाला काढायचीच आहे. ती काढताना शेजारी वही ठेवा आणि कुठे अडलात, कोणाला फोन करून काय विचारलंत, कोणता कागद ऐनवेळी शोधलात ते लिहीत जा. त्या वहीत जेवढ्या नोंदी होतील तेवढी साइटची पानं.